घाटी कोण, शेठ कोण, आणि दार कोणी लावले?

वाचकहो, मुंबईच्या उपनगरांत मराठी आणि गुजराती या दोन समाजांनी एकमेकांकडे पाहावयाचे दोन चष्मे करून ठेविले आहेत. गुजराती चष्म्यातून मराठी माणूस 'घाटी' दिसतो: भांडखोर, आळशी, मच्छी खाणारा, शिपाईगिरी किंवा घरकाम यांपलीकडे ज्याची पोच नाही असा. मराठी चष्म्यातून गुजराती माणूस 'शेठ' दिसतो: भित्रा, काटा मारणारा, पैशाला देव मानणारा, परक्याच्या शहरावर गबर झालेला. हे चष्मे कोणी घडविले, त्यांचे दाम कोण वसूल करतो, आणि ते डोळ्यांवर चढले म्हणजे पायापुढला कोणता खड्डा दिसेनासा होतो, एवढ्याचाच आज आम्हांस विचार करावयाचा आहे. ज्यांस तो कडू लागेल त्यांनी गुळाचा खडा तोंडात धरून पुढे वाचावे.

आधी चार हकिकती सांगतो. २९ जुलै २०२२ रोजी अंधेरीत एका चौकाच्या नामकरणाचा समारंभ झाला. तेथे त्या वेळचे राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी असे भाषण केले की, मुंबई-ठाण्यातून गुजराती आणि राजस्थानी लोक काढले तर येथे पैसाच उरणार नाही, आणि मुंबई देशाची आर्थिक राजधानीही राहणार नाही. ओरड झाली तेव्हा त्यांनी माफी मागितली. २०२३ च्या सप्टेंबरात मुलुंड पश्चिमेस एक मराठी भगिनी कचेरीसाठी जागा पाहावयास गेली असता, येथे महाराष्ट्रीय लोकांस जागा मिळत नाही असे तिला तोंडावर सांगण्यात आले. तिने तो प्रकार चित्रित करून जगापुढे मांडला तेव्हा पोलिसांत गुन्हा दाखल झाला. ५ मार्च २०२५ रोजी घाटकोपर भागातील कार्यक्रमात राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे ज्येष्ठ नेते भैयाजी जोशी बोलले की, मुंबईची एकच अशी भाषा नाही, घाटकोपरची भाषा गुजराती आहे, सबब मुंबईत येणाऱ्याने मराठी शिकलेच पाहिजे असे नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी खुलासा केला की, मुंबईची भाषा मराठी याविषयी वादच नाही आणि आपली मातृभाषाही मराठीच आहे. त्याच्या पुढल्या महिन्यात घाटकोपरच्या एका सोसायटीत मांसमच्छी खाण्यावरून मराठी रहिवाशांस 'गंदे लोक' म्हटल्याची तक्रार उठली.

या चार हकिकतींतले बोलणारे कोण, इकडे लक्ष द्या. अंधेरीत बोलले ते उत्तराखंडाचे. घाटकोपरात बोलले ते मराठी मातृभाषेचे. म्हणजे या दोन समाजांविषयीची जी दोन सर्वांत मोठी वाक्ये गाजली, त्यांतले एकही कोणा गुजराती दुकानदाराच्या तोंडचे नव्हते! ती व्यासपीठावरून, हारतुऱ्यांच्या ढिगाआडून आली. पण त्यांचा राग मात्र दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या किराणावाल्यावर निघाला. विस्तव एकाने टाकावा आणि भाजावे दुसऱ्याने, ही रीत या देशात जुनी आहे.

आता चष्म्यांची काच तपासू. 'घाटी' म्हणजे घाटावरून उतरलेला, बंदरात आणि बाजारात हमाली करणारा माणूस. तोच शब्द आज उपनगरात सरसकट मराठी माणसास लावतात. मग वेसाव्याचा कोळी घाटी कसा? मुलुंड-भांडुपच्या बाजूचा आगरी घाटी कसा? राजापूर-देवगडहून आलेला चाकरमानी तर घाटाच्या खालचा; त्याने घाट चढला असेल तर जत्रेला किंवा बाजाराला. बोरिवलीच्या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणारा वारली तर दोघांच्याही आधीचा. दहिसर आणि मुलुंडपर्यंतची गावे १९५७ साली मुंबई महापालिकेच्या हद्दीत आली, तेव्हा या लोकांनी मुंबईत येण्यासाठी गाडी धरली नव्हती. मुंबईच त्यांच्या दारात चालत आली. अशांस 'तुम्ही बाहेरचे घाटी' म्हणणे म्हणजे घरमालकास पाहुणा ठरविणे होय.

दुसऱ्या चष्म्याची काचही तितकीच गढूळ आहे. 'गुजराती शेठ' या नावाखाली आपण ज्यांस एका गोणीत कोंबतो त्यांत मुलुंडचा कच्छी आहे, ज्याची बोली गुजरातीपेक्षा सिंधीस जवळची. त्यांत काठेवाडी आहे, सुरती आहे, गुजराती बोलणारा मेमन, खोजा आणि बोहरा मुसलमान आहे. आणि काठेवाडातून येऊन पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गल्ल्या झाडणारा, गटारे उपसणारा मेघवाळही आहे. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन दारोदार फिरणारी, जुन्या लुगड्यांवर वाटी-ताटली देणारी बोहारीणही बहुधा गुजरातीच बोलते. ती कोणाची शेठाणी? तिच्या पाटीत कोणत्या आर्थिक राजधानीची तिजोरी आहे? राज्यपालांनी ज्या गुजरात्यांच्या पैशाचा गौरव केला त्यांत हा मेघवाळ नव्हता, आणि मराठी सभांतून ज्या गुजरात्यांस शिव्या दिल्या जातात त्यांतून त्यास कोणी वगळतही नाही. मानाच्या पंगतीत ज्याला पाट नाही त्यास शिव्यांच्या पंगतीत मात्र पहिले पान, असा हा न्याय!

आणि पैशाचे म्हणाल तर, तो कोणी एका जातीने पेटीत घालून मुंबईत आणिला, ही गोष्ट कोणीही शहाणा माणूस मानणार नाही. भांडवल पारशी, भाटिया, बनिया, खोजा, कच्छी अशा कित्येकांचे होते, हे खरे. पण त्या भांडवलाच्या चात्या फिरविल्या त्या रत्नागिरी-साताऱ्याच्या हातांनी. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १८९० साली रविवारची सुटी पदरात पाडून घेतली; तोवर या हातांना आठवड्यास एक दिवसाचीही विश्रांती नव्हती. शंभरएक वर्षांनी, १८ जानेवारी १९८२ रोजी, घाटकोपरच्या पंतनगरात दवाखाना चालवून पुढे कामगार पुढारी झालेल्या डॉ. दत्ता सामंतांच्या मागे दोन लाखांहून अधिक गिरणी कामगार संपावर गेले. संप मोडला, गिरण्या बंद पडल्या आणि त्यांच्या जमिनी बाजारात आल्या. त्या कोणी घेतल्या? सर्व भाषांच्या पैशाने घेतल्या. दादरच्या कोहिनूर मिलची जमीन २००५ साली ४२१ कोटी रुपयांस गेली, तेव्हा घेणाऱ्यांत मराठी अस्मितेचा झेंडा वाहणाऱ्या घरांतली नावे होती. लालबागेतून उखडलेला मराठी कामगार विरारला किंवा कल्याणपलीकडे गेला, तो केवळ गुजराती शेठच्या धक्क्याने गेला असे ज्यांस वाटते त्यांनी हा सौदा ध्यानात ठेवावा.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. उपनगरात घर नाकारतात ते काय विचारून नाकारतात? दलाल पहिल्याने 'कोणती भाषा बोलता' असे विचारीत नाही. तो आडनाव विचारतो. आडनावावरून जात-धर्म कळला नाही तर 'व्हेज की नॉनव्हेज?' असा दुसरा प्रश्न येतो. मग सेक्रेटरीची ना-हरकत अडते, अनामत फुगते, किंवा 'जागा कालच गेली' असे उत्तर मिळते. हा नियम फलकावर लिहिलेला नसतो. तो दलालाच्या जिभेवर आणि कमिटीच्या डोळ्यांत असतो, म्हणून कोर्टात त्याचा कागद दाखविता येत नाही. कोणी मुलुंडसारखे बेधडक तोंडाने बोलून गेला तरच गुन्हा दाखल होतो. गोड बोलून दार लोटून घेणारे शंभर जण बिनघोर राहतात.

'आम्ही शाकाहारी, वास चालत नाही, एवढेच' असे म्हणतात. ठीक आहे, हा ताटाचा हिशेबही करून टाकू. केंद्र सरकारच्या नमुना नोंदणी पद्धतीच्या २०१४ च्या पाहणीत गुजरातेत शंभरांपैकी सुमारे ६१ आणि महाराष्ट्रात सुमारे ४० माणसे शाकाहारी आढळली. म्हणजे गुजरातेतले शंभरांतले एकोणचाळीस लोक मांसमच्छी किंवा अंडी खातात, आणि महाराष्ट्रातले चाळीस लोक त्यास शिवत नाहीत. वेरावळ हे देशातल्या मोठ्या मासेमारी बंदरांपैकी एक. तेथल्या खारवा कोळ्यांनी काय जन्मभर भेंडीच पकडली? तेव्हा 'गुजराती म्हणजे शाकाहारी आणि मराठी म्हणजे मच्छीखाऊ' ही वाटणीच खोटी आहे. ती वाटणी गुजरातेतल्या वाणी-जैन-ब्राह्मण घरांच्या स्वयंपाकावरून सबंध गुजरातेचे, आणि कोकणच्या बाजारावरून सबंध महाराष्ट्राचे चित्र काढते.

याच सोसायट्यांत वरणभात खाणारे, सोवळ्यात वाढलेले मराठी आडनाव घेऊन जा आणि पाहा, भाषेची अडचण एकाएकी कशी विरघळते ती! उलट वेरावळचा खारवा, काठेवाडचा मेघवाळ, किंवा अस्सल गुजराती बोलणारा मेमन घेऊन जा. त्याची गुजराती त्याच्या उपयोगी पडावयाची नाही. असे असेल तर दार कोणत्या भाषेने बंद झाले? आमचे स्पष्ट म्हणणे असे की, ही भिंत भाषेची नाहीच. ती ताटाची आहे, आणि ताटामागे जात आहे. जुने सोवळे आता लिफ्टमधून वर गेले आहे. पूर्वी विहिरीच्या काठावर जे बोलत, ते आता वास, स्वच्छता आणि 'आमचे संस्कार' या शब्दांत बोलतात. मराठी विरुद्ध गुजराती या आरोळीने झालेच असेल तर एवढे झाले आहे की, जातीचा गुन्हा भाषेच्या भांडणात लपून गेला.

ज्यांस ही गोष्ट अतिशयोक्तीची वाटेल त्यांनी बडोद्याची हकिकत आठवावी. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड मराठी, त्यांची बहुतेक रयत गुजराती. या मराठी राजाने १८९३ साली अमरेली तालुक्यात आणि १९०६ साली सबंध संस्थानात गुजराती शेतकऱ्यांच्या पोरांसाठी सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले, आणि याच राजाने १९१३ साली भीमराव आंबेडकर या मराठी तरुणास अमेरिकेत शिकावयास शिष्यवृत्ती दिली. तो तरुण कोलंबियाची विद्या घेऊन १९१७ साली नोकरीसाठी बडोद्यास आला, तेव्हा त्यास राहावयास जागा मिळेना. पारशी नाव घेऊन तो एका पारशी सराईत उतरला. त्याची जात कळताच काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला, आणि त्यास बाहेर पडावे लागले. त्याने ओळखीच्यांकडे आसरा मागितला. तोही मिळाला नाही. आता सांगा, राजा मराठी, शहर गुजराती, सराई पारशी, पाहुणा मराठी. यांत भाषेचा दोष कोठे शोधावयाचा? राजाची मराठी त्यास तारू शकली नाही, कारण त्याचे दार ज्या कडीने बंद झाले ती कडी कोणत्याच भाषेची नव्हती.

मराठी मंडळींनीही आपल्या उंबरठ्याखाली पाहावे. मुंबईतली सहकारी गृहरचनेची आद्य संस्था गावदेवीची सारस्वत सोसायटी. ती १९१५ साली एका जातीच्या लोकांसाठीच निघाली. पुढे प्रभू, ब्राह्मण, पारशी, जैन, लोहाणा, ज्याने त्याने आपापले कुंपण घातले. सहकाराचे बीच या शहरात जातीच्या वाफ्यात पेरले गेले, मग आज त्यास समतेची फळे कोठून यावीत? आणि ११ जुलै १९९७ आठवा. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले आणि राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मेले. मेलेले कोणती भाषा बोलत होते? त्या दिवशी राज्यावर कोण होते? मराठी माणसाच्या नावाने मते मागून आलेले शिवसेना-भाजपचे सरकार होते. त्या दहा मढ्यांसाठी 'मराठी माणसावर गोळी झाली' अशी आरोळी कोणा अस्मितावाल्याने ठोकल्याचे आमच्या ऐकिवात नाही. मराठीपण सुद्धा जात पाहून मोजून देतात की काय?

तसेच १९५६ सालचे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात १०६ हुतात्मे झाले. मुंबईतल्या गोळीबारामुळे मोरारजी देसाई हे नाव मराठी मनात काट्यासारखे रुतले, आणि त्याबरोबर 'गुजरात्याने मराठी माणूस मारिला' ही समजूतही रुतली. मुंबई महाराष्ट्रास मिळू नये म्हणून सर पुरुषोत्तमदास ठाकुरदासांसारख्या धनिकांनी खटपट केली, हेही खरे. परंतु ८ ऑगस्ट १९५६ रोजी अहमदाबादेत महागुजरात मागणाऱ्या गुजराती विद्यार्थ्यांवर गोळी चालली, तेव्हा मुख्यमंत्री मोरारजीच होते, ही गोष्ट किती मराठी घरांत सांगितली जाते? द्विभाषिक राज्य मोडण्यासाठी गुजरातेत इंदुलाल याज्ञिक आणि महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समिती एकाच वैऱ्याशी झुंजत होते. १ मे १९६० रोजी दोन्ही राज्ये एकाच दिवशी जन्मली. जुळ्या भावंडांस एकमेकांचे वैरी म्हणून वाढविण्यात कोणाचा लाभ होता, हे वेगळे सांगावयास नको.

चष्मे कसे घडतात हे पाहावयाचे असेल तर थोडे दूर, जपान आणि अमेरिका या दोन राष्ट्रांकडे पाहा. कॅलिफोर्नियात जपानी शेतकरी कष्टाने वर येऊ लागले, तेव्हा तेथील सरकारने १९१३ साली कायदा करून त्यांस जमीन विकत घेण्यास बंदी केली. कारण काय सांगितले? हे लोक परके, आपल्यात मिसळत नाहीत. युद्ध पेटल्यावर १९४२ साली जपानी वंशाची सुमारे १,२०,००० माणसे छावण्यांत कोंडली. त्यांतील दोन तृतीयांश तर जन्माने अमेरिकन नागरिक होती. इकडे जपानी सरकारनेही आपल्या प्रजेस अमेरिकन म्हणजे राक्षस आणि पशू असे पढविले. १९४५ साली हिरोशिमा आणि नागासाकी जाळून झाल्यावर, रशियाशी वैर जुंपताच, तोच जपानी अमेरिकेचा मित्र ठरला! माणसे तीच, डोळे तेच; राज्यकर्त्यांची गरज बदलली तशी तसबीर बदलली. पुढे १९८२ साली, जपानी मोटारींनी आमच्या नोकऱ्या खाल्ल्या या रागात, डेट्रॉइटमध्ये एका तरुणास बडवून मारण्यात आले. तो जपानी नव्हताच. चिनी वंशाचा होता. आंधळ्या रागाची काठी नेहमी अशीच भलत्याच्या डोक्यात बसते.

पण त्याच अमेरिकेतून शिकण्याजोगे एक आहे. तेथे घरांच्या खरेदीखतांतच 'काळ्या माणसास विकू नये' अशी कलमे असत. १९४८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, असली कलमे अमलात आणावयास कोर्ट आपला हात देणार नाही. १९६८ साली वंश, वर्ण, धर्म पाहून घर नाकारणे हेच बेकायदा ठरविणारा कायदा झाला, आणि १९८८ साली छावण्यांत कोंडलेल्या हयात जपान्यांची सरकारने माफी मागून प्रत्येकी २०,००० डॉलर भरपाई दिली. तेथला भेदभाव त्यामुळे सरला असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्यावर अन्याय झाला त्याच्या हातात निदान कायद्याची काठी आली.

आमच्याकडे काय झाले? अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली असा निवाडा दिला की, सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवण्याचा सोसायटीचा पोटनियम बेकायदा नाही. संघटना करण्याच्या स्वातंत्र्यात तो बसतो. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्याचे कलम २३ पुरेशा कारणावाचून लायक माणसास सभासदत्व नाकारू नये असे सांगते खरे; पण भाडेकरू सभासद नसतो, आणि 'पुरेसे कारण' शोधण्यात आमच्या कमिट्यांचा हातखंडा आहे. या निवाड्याविरुद्ध, या पळवाटेविरुद्ध किती मराठी मोर्चे निघाले? एकही आठवत नाही. कारण तो बुरूज पाडावयाचा म्हणजे मराठी जातींचीही कुंपणे पडतात!

त्यापेक्षा थप्पड सोपी. २०२५ च्या जून-जुलैत दहिसरपलीकडे मीरा रोडला एका मिठाईवाल्यास मराठी बोलत नाही म्हणून मारले. व्यापाऱ्यांनी मोर्चा काढला, मग मराठी मंडळींनी त्यास उत्तर म्हणून मोर्चा काढला; दोन्ही बाजूंचे पुढारी चार दिवस पडद्यावर झळकले. त्या थपडेने कोणत्या सोसायटीचे दार उघडले? कोणत्या कोळणीस, कोणत्या बौद्ध तरुणास, कोणत्या मुसलमान शिक्षिकेस जागा मिळाली? थप्पड नेहमी गल्ल्यावर बसलेल्यास बसते. इमारत बांधणाऱ्यास ती कधी बसत नाही, कारण निवडणुकीचा खर्च तेथून येतो. आणि हेच पक्ष गरज पडली म्हणजे काय करतात ते पाहा. २०१९ साली वरळीत गुजराती लिपीत 'केम छो वरली' असे फलक लागले, २०२१ साली जिलेबी-फाफड्याच्या नावाने मेळावा भरला. दोन्ही वेळी यजमान मराठी अस्मितेचेच राखणदार! फाफडा मतासाठी गोड आणि एरवी कडू, हे कोणत्या पाकशास्त्रात बसते?

जी गोष्ट भाषेची तीही दोघे मिळून बुडवीत आहेत. मराठीस २०२४ च्या ऑक्टोबरात अभिजात दर्जा मिळाला, पेढे वाटले. इकडे मराठी शाळांना कुलुपे लागत आहेत. घाटकोपरची भाषा गुजराती म्हणणाऱ्यांनीही सांगावे की, उपनगरातल्या गुजराती माध्यमाच्या शाळा का ओस पडल्या? दोघांचीही नातवंडे इंग्रजी शाळेच्या एकाच बसमधून जातात. बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहात मराठी नाटक होते, गुजरातीही होते. दोन्ही प्रेक्षकांचे केस सारखेच पिकलेले आहेत. 'प्रबोधन' पत्रातून ज्या पुरुषाने भिक्षुकशाहीवर कोरडे ओढले, त्याच्या नावाखाली बसून निदान एवढा तरी प्रबोध व्हावा की, मरत्या दोन भाषांनी एकमेकींच्या उरावर बसून कोणतीच जगत नाही. महाराष्ट्रात राहणाऱ्याने मराठी शिकावी, ही आमची मागणी रोखठोक आहे. ती शाळेत शिकवावी, कचेरीत चालवावी, न्यायालयात वापरावी. गालावर पाच बोटे उठवून भाषा शिकत नाहीत, फक्त तिचा तिटकारा शिकतात.

काही मंडळींनी नव्या इमारतींत मराठी लोकांसाठी निम्मी घरे राखून ठेवावी अशी मागणी केली आहे; २०२४ साली विधान परिषदेत तसे विधेयकही मांडण्यात आले. हेतू चांगला असेल. पण कोट्यवधींचे घर राखून ठेविले तर ते घेणार कोण? चाळीतला कुणबी घेणार की परदेशात राहणारा मराठी साहेब? आणि त्या निम्म्या घरांत मराठी बोलणारा मुसलमान, मराठी बोलणारा बौद्ध गणला जाईल, असे लिहून कोण देतो?

म्हणून आमच्या मागण्या तीन आहेत, आणि त्या साध्या आहेत. पहिली: जात, धर्म, भाषा, आहार, किंवा एकटी बाई हे कारण सांगून अथवा न सांगता घर विकण्यास वा भाड्याने देण्यास नकार देणे हा विधिमंडळाने कायदा करून शिक्षापात्र गुन्हा ठरवावा, आणि आपण भेदभाव केला नाही हे दाखविण्याचा भार सोसायटी व दलाल यांवर टाकावा. दुसरी: पुनर्विकासात सोसायट्यांना आणि बिल्डरांना जे जादा चटईक्षेत्र मिळते ते सरकारची, म्हणजे सर्वांची मालमत्ता आहे, ते ज्यास हवे त्याने दार सर्वांस उघडे ठेवण्याचे बंधपत्र लिहून द्यावे, आणि ते मोडल्यास दंड भरावा. सार्वजनिक ताटातले वाढून घ्यावयाचे आणि पंगत मात्र खाजगी म्हणावयाची, हे चालणार नाही. तिसरी: तक्रारीसाठी प्रत्येक वॉर्डात असा अधिकारी असावा की ज्याच्याकडे चित्रफीत गाजल्याशिवायही दाद लागेल.

बहुजनसमाजातील मराठी बंधूंनो, तुम्हांस घाटी म्हणणाऱ्याशी अवश्य भांडा. पण भांडताना तुमच्या शेजारी मेघवाळास आणि बोहारणीस उभे करा. तेही त्याच दारातून परतलेले आहेत. गुजराती बंधूंनो, मच्छीच्या वासाचे कारण सांगून कमिटी जेव्हा कोणास परत पाठविते तेव्हा ती तुमच्या नावाने पाठविते. तुमच्यातल्या निम्म्यांस तीच कमिटी आत घेणार नाही, हे ओळखा आणि सभेत उठून विरोध नोंदवा. शेटजी आणि भटजी यांची जोडी ओळखावयास सत्यशोधकांनी शिकविले, त्यास दीडशेच्या वर वर्षे झाली. शेटजी सर्व भाषा बोलतो आणि भटजी सर्व भाषांत सोवळे सांगतो. त्यांनी आपसात भाषेवरून मारामारी केल्याचे आजवर कोणी पाहिलेले नाही. पुढल्या खेपेस जो कोणी मते मागण्यासाठी तुमच्या जिन्यात येईल, त्याने मराठीचा जयजयकार करो की 'केम छो' म्हणो, त्यास एवढेच विचारा: घर नाकारणाऱ्यास शिक्षा देणारा कायदा करणार की नाही? उत्तर 'पाहू' असे आले, तर जिना त्यास दाखवा.